ज्येष्ठमधाच्या कॅप्सूलवर ‘पाचपट शोषण’ असं लिहिलंय. हे मोजतात कसं?

शमा_र

वर्षभरापूर्वी एंडोस्कोपीत बाबांच्या जठराच्या अस्तरावर ओरखडे दिसले होते. औषधांचा कोर्स झाला, बरं वाटलं. पण जळजळ अधूनमधून डोकं वर काढतेच. म्हणून गेले दोन महिने ते स्वतःच्या मनाने ज्येष्ठमधाच्या अर्काच्या कॅप्सूल घेताहेत, दिवसातून दोन. गुण येतोय म्हणतात.

काल सहज डबी हातात घेतली. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पाचपट शोषण’. मी गणित शिकवते. ‘पाचपट’ वाचलं की ‘कशाच्या?’ हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. डबीवर त्याचं उत्तर कुठेच नाही.

तर दोन प्रश्न. एक, वनस्पतीतला एखादा घटक शरीराने किती शोषला हे प्रत्यक्षात मोजतात कसं? दोन, जास्त शोषलं गेलं म्हणजे पोटाचं जास्त रक्षण झालं, असं धरायचं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. मला वाचायला वेळ आहे.

चौकस

शीर्षकातलं ‘शोषण’ वाचून मी सामाजिक विषयाचा धागा समजून तावातावाने आत आलो होतो. आता आलोच आहे तर बसतो. वाचतोय.

प्रयोगवही

शमाताई, प्रश्न अगदी माझ्या रोजच्या कामाचा आहे. रक्तातली औषधं मोजणाऱ्या प्रयोगशाळेत मी गेली अकरा वर्षं आहे. जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी ठरवावं लागतं की शोधायचं काय. ज्येष्ठमधातला नावाजलेला घटक म्हणजे ग्लायसिरायझिन. साखरेच्या सुमारे ५० पट गोड. हा रेणू मोठा आणि पाण्यात रमणारा आहे. एक गाभा आणि त्याला चिकटलेले ग्लुक्युरोनिक आम्लाचे दोन तुकडे, अशी त्याची रचना. हे दोन तुकडे चिकटलेले असेपर्यंत तो आतड्याच्या भिंतीतून जवळपास पार होतच नाही.

मग तो तसाच खाली सरकत मोठ्या आतड्याकडे पोचतो. तिथले जिवाणू ते दोन तुकडे कापून टाकतात आणि गाभा मोकळा होतो. त्याचं नाव ग्लायसिरेटिनिक आम्ल. हा गाभा तेलकट स्वभावाचा, त्यामुळे तो भिंतीतून पार होऊन रक्तात येतो.

म्हणजे गिळलं एक आणि रक्तात सापडलं दुसरं. ‘ग्लायसिरायझिनचं शोषण’ असं जो म्हणेल त्याला आधी विचारायचं, बाबा रे, तू रक्तात मोजलंस काय?

आडवाट

म्हणजे आपल्या आतड्यात जिवाणूच नसतील तर?

प्रयोगवही

@आडवाट, हा प्रयोग खरोखर झालेला आहे. पूर्णपणे जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना तोंडावाटे ग्लायसिरायझिन दिलं, तर त्यांच्या रक्तात ग्लायसिरेटिनिक आम्ल सापडत नाही. नेहमीच्या उंदरांत सापडतं. या एका तुलनेवरूनच कळतं की कापायचं काम जिवाणूंचं आहे, आपलं नाही.

आणि म्हणूनच दोन माणसांना सारखाच डोस दिला तरी आकडे वेगळे येतात. कोणाच्या पोटात कोणते जिवाणू, अन्न किती वेगाने खाली सरकतं, अलीकडे प्रतिजैविकं घेतलीत का, सगळ्याचा हिशोब त्यात उतरतो. ज्याचं पोट साफ होत नाही त्याच्या आतड्यात माल जास्त वेळ रेंगाळतो, त्यामुळे शरीरात जास्त जमू शकतं.

निळावंती

मी दोनदा अशा अभ्यासात स्वयंसेवक होते. औषध वेगळं होतं, पण पद्धत हीच असणार. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहिते.

आदल्या रात्री दहा तास उपाशी. सकाळी हाताच्या पुढच्या भागात कॅन्युला लावतात, म्हणजे दर वेळी नवी सुई टोचावी लागत नाही. औषध घ्यायच्या आधी एक नमुना काढतात, तो ‘शून्य’ वेळेचा. मग समोर उभं राहून गोळी देतात, मोजून २४० मिली पाणी, सगळं प्यायचं. नंतर तोंड उघडायला लावून जिभेखाली टॉर्च मारून पाहतात की गोळी गिळली ना. मला तेव्हा शाळेत असल्यासारखं वाटलं होतं. पुढचे काही तास आडवं व्हायचं नाही.

आणि मग घड्याळ. अर्धा तास, एक, दीड, दोन, तीन… प्रत्येक खाटेच्या पायाशी कागद, त्यावर ठरलेली वेळ आणि शेजारी खरी वेळ लिहायला जागा. माझा एक नमुना दोन मिनिटं उशिरा निघाला तर त्या सिस्टरांनी ती दोन मिनिटंही लिहिली. कॅन्युलातलं पहिलं थोडं रक्त वाया घालवायचे, मग नळी भरायचे. मला आधी वाईट वाटायचं की रक्त टाकून का देतात. नंतर कळलं, नळीत मागचं द्रावण उरलेलं असतं, त्याने नमुना पातळ होतो.

प्रयोगवही

@निळावंती, किती नेमकं लिहिलंत. ती दोन मिनिटं लिहिणाऱ्या सिस्टरांना माझा नमस्कार, कारण पुढे आमच्या टेबलावर जे येतं ते सगळं त्यांच्या त्या कागदावर उभं असतं.

आमच्याकडे नमुना येतो तो रक्ताचा नाही, प्लाझ्माचा. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर द्रव राहतो. तो छोट्या नळ्यांत भरून उणे ७० किंवा उणे ८० अंशांत गोठवतात.

आता अडचण अशी की ग्लायसिरेटिनिक आम्ल प्लाझ्मात मोकळं फिरत नाही. ९९ टक्क्यांहून जास्त भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट धरून बसलेला असतो. आधी त्याला सोडवावं लागतं. आम्ही प्लाझ्मात अॅसिटोनायट्राइल नावाचं द्रावक घालतो. क्षणात नळी दुधाळ होते, प्रथिनांचे पांढरे पुंजके तयार होतात. पुन्हा फिरवलं की पुंजके तळाशी, आणि वरच्या नितळ द्रवात आपला रेणू. तो यंत्रात जातो. यंत्र म्हणजे एचपीएलसी, ज्यात एका बारीक नळीत मिश्रणातले घटक एकेक करून वेगळे होतात आणि आपापल्या वेळेला बाहेर पडतात. बाहेर पडताना त्यांना अतिनील प्रकाशात टिपतात, या रेणूसाठी साधारण २५० नॅनोमीटरच्या आसपास. हल्ली बहुतेक ठिकाणी पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असतो, तो रेणू वजनावरून ओळखतो. ग्लायसिरायझिनचं वजन ८२३, ग्लायसिरेटिनिक आम्लाचं ४७१, त्यामुळे या दोघांची गल्लत होत नाही.

यंत्र नुसता उंचवटा दाखवतं. तो उंचवटा म्हणजे किती नॅनोग्रॅम हे कळायला औषध नसलेल्या प्लाझ्मात मुद्दाम माहीत असलेलं प्रमाण मिसळून नमुने करतात आणि त्यांची रेषा काढतात. आपण मिसळलेलं आणि यंत्राने सांगितलेलं यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही. अगदी तळाच्या, सगळ्यात कमी प्रमाणाला २० टक्के सूट. त्याच्या खाली जे दिसतं त्याला आम्ही आकडा म्हणतच नाही.

चौकस

एवढे सोपस्कार! मला वाटायचं रक्त घेतलं, यंत्रात घातलं, कागद बाहेर आला.

मृदगंध

प्रयोगवहींनी वर ‘मोजलंस काय’ असं विचारलंय ना, त्या एका प्रश्नाने माझ्या एम. फार्म.चे चार महिने खाल्ले. लिहून टाकते, कोणाला तरी उपयोग होईल.

माझा प्रबंध याच घटकावर होता. उंदरांना तोंडावाटे ग्लायसिरायझिन द्यायचं आणि रक्तात शोधायचं. नमुने अर्धा तास ते आठ तास. यंत्रावर प्रत्येक नमुना दहा मिनिटं चालवायचे, कारण ग्लायसिरायझिन सहाव्या मिनिटाच्या आसपास बाहेर पडायचं. पडायचं म्हणजे शुद्ध नमुन्यात. उंदरांच्या प्लाझ्मात मात्र त्या जागी सपाट रेघ. पुन्हा केलं, सपाट. डोस वाढवला, सपाट. वहीत लिहिलं: ‘शोषण आढळले नाही.’

एका संध्याकाळी यंत्र थांबवायचं राहून गेलं आणि नमुना वीस मिनिटं चालला. सकाळी पाहते तर चौदाव्या मिनिटाला सुरेख, टोकदार उंचवटा. मला वाटलं काहीतरी घाण आहे. शून्य वेळेच्या नमुन्यात पाहिलं, नाही. चार तासांच्या नमुन्यात छोटा. आठ तासांच्या नमुन्यात मोठा. तेलकट रेणू त्या नळीला जास्त वेळ चिकटून राहतो, उशिरा सुटतो. ग्लायसिरेटिनिक आम्ल रोज माझ्या यंत्रात येत होतं आणि मी दहाव्या मिनिटाला दार लावून घेत होते.

दुसरी चूक आठ तासांवर थांबण्याची. उंचवटा अजून चढतच होता. आम्ही पुन्हा २४ तासांपर्यंत नमुने घेतले. त्या उंदरांचा विचार मनात येतोच, पहिल्या तुकडीतल्या. ते काम आधी वाचून केलं असतं तर तेवढे जीव वाचले असते.

शमा_र

@मृदगंध, हे मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मी तुमच्या ‘आठ तासांवर थांबलो’ या वाक्यावर अडकले आणि कागद घेऊन बसले. कल्पित आकडे घेतले. वेळ तासांत ०, २, ४, ८, १२, २४ आणि रक्तातलं प्रमाण ०, १०, ४०, १००, १६०, ४०. बिंदू रेषांनी जोडले आणि खालचं क्षेत्रफळ समलंब चौकोनांनी काढलं. ०–२ चं १०, २–४ चं ५०, ४–८ चं २८०, ८–१२ चं ५२०, १२–२४ चं १२००. एकूण २०६०. आठव्या तासाला थांबलं तर फक्त ३४०. म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा!

हेच क्षेत्रफळ वापरतात ना शोषण मोजायला?

प्रयोगवही

@शमाताई, शंभर टक्के हेच. त्याला आम्ही एयूसी म्हणतो आणि पद्धत हीच, समलंब चौकोनांची. सर्वोच्च प्रमाण म्हणजे सीमॅक्स, ते ज्या वेळी आलं तो टीमॅक्स. तुमच्या उदाहरणात १६० आणि १२ तास. तुम्ही कल्पनेने घेतलात, पण या घटकाचं शिखर खरोखरच काही तास उशिरा, बरेचदा आठ ते बारा तासांच्या घरात येतं.

आणि कधी कधी उतरता आलेख पुन्हा वर चढतो. यकृत हा रेणू पित्तातून परत आतड्यात सोडतं, जिवाणू त्याला पुन्हा मोकळा करतात आणि तो पुन्हा रक्तात येतो. दुसरं शिखर दिसलं की नवखे लोक नमुन्यांची अदलाबदल झाली समजतात.

आता ‘किती टक्के शोषलं’ हे सांगायला तुलना लागते. शिरेतून दिलं तर सगळंच रक्तात जातं. म्हणून तोंडावाटेचं क्षेत्रफळ भागिले शिरेतून दिलेल्याचं क्षेत्रफळ, दोन्ही डोसप्रमाणे सारखे करून. ही झाली जैवउपलब्धता. इथे एक खोच आहे. १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन पूर्ण तुटलं तरी गाभा मिळतो साधारण ५७ मिलिग्रॅम, बाकीचं वजन कापलेल्या तुकड्यांचं. हे विसरून भागाकार केला की उत्तर सरळ चुकतं.

तुमच्या डबीवरच्या ‘पाचपट’मध्ये खाली छेद कोणता होता, हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

वैद्य_यष्टी

मी आयुर्वेदाची चिकित्सक आहे आणि मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. धाग्यात सगळे एका रेणूच्या मागे लागलेत. यष्टिमधु (ज्येष्ठमध) म्हणजे नुसतं ग्लायसिरायझिन नव्हे. मुळात फ्लॅव्होनॉइडं आहेत, शर्करा आहेत, आणखी कितीतरी आहे. अख्खं मूळ आणि त्यातून उपसलेला एक पदार्थ यांना एकच समजून मोजमाप करणं मला पटत नाही.

प्रयोगवही

@वैद्य_यष्टी, तुमचा मुद्दा मोजमापातूनच खरा ठरलेला आहे! शुद्ध ग्लायसिरायझिन आणि तेवढंच ग्लायसिरायझिन असलेला मुळाचा अर्क, दोन्ही देऊन तुलना झालीय, उंदरांत आणि माणसांतही. अर्कातून दिलं तेव्हा रक्तातलं प्रमाण कमी भरलं. मुळातलं बाकीचं काहीतरी त्याला अडवतं. पण हे कळलं कशामुळे? एका रेणूच्या मागे लागल्यामुळेच.

वैद्य_यष्टी

हे मान्य. मग माझं म्हणणं असं मांडते: मोजा, पण एका आकड्यावरून अख्ख्या मुळाचा निकाल देऊ नका.

प्रयोगवही

सहमत.

आडवाट

अवांतर: ग्लायसिरायझिन या नावातच ‘गोड मूळ’ आहे. ग्रीकमध्ये ग्लिकिस म्हणजे गोड आणि रिझा म्हणजे मूळ. आणि आपल्याकडे यष्टिमधु, म्हणजे मधुर काठी. इतक्या दूरच्या दोन भाषांनी चाखून एकच नाव ठेवलं.

कंदील

सुंदर अवांतर. मीही ज्येष्ठमधाचा तुकडा चघळत चघळतच हा धागा वाचतोय.

डॉ_अनवट

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. शमा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलं नाही आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे.

पोटाचं औषध दोन वाटांनी काम करतं. उदाहरणार्थ, आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल. ते जठरात असताना काहीच करत नाही. आम्लात ते नासतं, म्हणून त्याला आवरण घालतात. ते पुढे लहान आतड्यात शोषलं जातं आणि रक्तातून फिरून जठराच्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींकडे मागच्या दाराने येतं. तिथे शोषण झालंच नाही तर औषध फुकट.

उलट सुक्राल्फेट. ते जखमेवर जाऊन बसतं, लेपासारखं. घेतलेल्यापैकी जेमतेम ३ ते ५ टक्के शोषलं जातं, आणि तरीही व्रण भरतो. त्याची रक्तातली पातळी मोजून कोणी म्हणालं ‘शोषण कमी, औषध वाईट’, तर ते साफ चूक.

ज्येष्ठमध यांत कुठे बसतं? याचा इतिहास मोठा बोलका आहे. १९४६ साली रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी नोंदवलं की ज्येष्ठमधाच्या अर्काने जठराचा व्रण असलेल्यांना आराम पडतो. त्याच रुग्णांपैकी सुमारे पाचातल्या एकाच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज आली, हेही त्यांनी पाहिलं. पुढे वर आलेल्या गाभ्यापासून, म्हणजे ग्लायसिरेटिनिक आम्लापासून, कार्बेनॉक्सोलोन नावाचं औषध तयार झालं. १९६२ मध्ये रिचर्ड डॉल यांच्या चमूने त्याची चाचणी छापली, जठराचा व्रण लवकर भरतो असं दिसलं. हे तेच डॉल, ज्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. पण इथेही सूज, रक्तदाब, पोटॅशिअम कमी होणं. १९७६ मध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडीन आलं आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडत गेलं.

आता कारण ऐका. या रेणूने अस्तरातली प्रोस्टाग्लँडिनं (अस्तराचं रक्षण करणारी रसायनं) मोडणारं एन्झाइम अडवलं जातं, प्रोस्टाग्लँडिनं टिकतात, श्लेष्माचा थर जाड होतो. हे काम अस्तराशी, जागच्या जागी होऊ शकतं. पण रक्तात गेलेला भाग मूत्रपिंडात जाऊन आणखी एक एन्झाइम बंद पाडतो. तिथे कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करणारी ही व्यवस्था असते. ती बंद पडली की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या, म्हणजे शरीरात मीठ राखणाऱ्या संप्रेरकाच्या, जागेवर जाऊन बसतं, शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशिअम लघवीतून वाहून जातं, रक्तदाब चढतो. हा उलगडा १९८७ च्या सुमारास झाला.

म्हणजे या घटकाच्या बाबतीत रक्तातला आकडा पोटाच्या रक्षणापेक्षा धोक्याबद्दल जास्त सांगतो. ‘पाचपट शोषण’ खरं असेल, तर ती जाहिरात नाही, इशारा आहे.

चौकस

बाप रे. हे वाचून मी ताठ बसलो.

कंदील

चघळायचा तुकडा बाजूला ठेवला.

डॉ_अनवट

@कंदील, घाबरू नका. अधूनमधून तुकडा चघळण्याने सहसा काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नविषयक तज्ज्ञ समितीने २००५ मध्ये म्हटलंय की दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिनपर्यंत बहुतेक प्रौढांना त्रास होणं संभवत नाही. चिंता आहे ती रोज, आठवडेच्या आठवडे, किती पोटात जातंय हे माहीत नसताना घेणाऱ्यांची. आणि रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील त्यांची.

सांजवात

डॉक्टर, हे मी घरात पाहिलंय. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा पूड घ्यायच्या, कित्येक महिने. पाय जड झालेत म्हणायच्या, आम्ही वयावर ढकललं. एके दिवशी बाथरूमच्या उंबरठ्यावर पाय उचलताच येईना. हाताने मांडी धरून उचलायला लागल्या. दवाखान्यात पोटॅशिअम २.६ निघालं, म्हणजे फारच कमी. पहिल्या ठिकाणी कोणी विचारलंच नाही की घरचं काही घेता का. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘औषध नाही हो काही, नुसतं ज्येष्ठमध.’

पूड बंद केल्यावरही रक्तदाब पूर्ववत व्हायला बरेच दिवस लागले. आता त्या ठीक आहेत.

डॉ_अनवट

@सांजवात, ‘औषध नाही, नुसतं…’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. बंद केल्यावर परिणाम उतरायला काही आठवडेही लागू शकतात, तेव्हा तुमच्याकडे घडलं ते अपेक्षितच.

आणि विषय निघालाच आहे तर: मूत्रपिंडातल्या त्या एन्झाइमला किती अडवलंय हे लघवीतून थेट पाहता येतं. लघवीतल्या कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन (त्याचं निष्क्रिय रूप) यांचं गुणोत्तर काढायचं. एन्झाइम दबला की कॉर्टिसॉलचा वाटा वाढतो. रक्तातला रेणू मोजणं एक, आणि त्याने शरीरात काय केलं हे मोजणं दुसरं. मला दुसरं जास्त जवळचं वाटतं.

निळावंती

मग ग्लायसिरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमध मिळतं, ते बरं का?

डॉ_अनवट

रक्तदाबाच्या दृष्टीने नक्कीच बरं. व्रण भरण्याबाबत त्याच्या चाचण्यांचे निकाल सारखे आले नाहीत, त्यामुळे छातीठोकपणे शिफारस करत नाही. आणि जळजळ परत परत येत असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जिवाणू आहे का, हे तपासल्याशिवाय कशावरच विसंबू नये.

शमा_र

बाबांच्या कॅप्सूल आजपासून बंद. ते आधी रागावले, मग सांजवात यांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा गप्प झाले. ते रक्तदाबाची गोळी घेतात, हे मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. उद्या रक्त तपासायला नेतेय.

कॅप्सूल बनवणाऱ्यांनाही पत्र टाकलंय: पाचपट कशाच्या, कोणात मोजलं, किती तास मोजलं, आणि एका कॅप्सूलमध्ये ग्लायसिरायझिन किती.

वैद्य_यष्टी

शमाताई, योग्य केलंत. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांनाही मी हे विचारतेच: रक्तदाब, चालू गोळ्या, पायांची सूज. आमच्याकडेही मात्रा आणि काळ ठरवूनच द्यायची पद्धत आहे. स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने कोणीच घेऊ नये.

शमा_र

सहा दिवसांनी धागा वर काढतेय. उत्तर आलं!

ग्लायसिरायझिन किती, याचं उत्तर टाळलंय. ‘पाचपट’बद्दल मात्र लिहिलंय की ‘कॅको-२ पेशींच्या थरावर दोन तासांची चाचणी’ केली, साध्या अर्काच्या तुलनेत. प्रयोगवही, मृदगंध, हे काय असतं?

मृदगंध

ताई, ही माणसांवरची चाचणी नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळालेल्या या पेशी प्रयोगशाळेत जाळीवर वाढवतात. साधारण २१ दिवसांत त्यांचा एकाच पेशीच्या जाडीचा, घट्ट विणलेला थर होतो, आतड्याच्या भिंतीसारखा. वरच्या कप्प्यात पदार्थ घालायचा आणि खालच्या कप्प्यात किती उतरला ते मोजायचं. पद्धत चांगली आहे, मीही वापरलीय. सुरुवातीची चाळणी म्हणून तिला मोल आहे.

पण तुम्हीच विचार करा. त्या थरात जिवाणू नाहीत.

आडवाट

अरेच्चा! म्हणजे जो रेणू जिवाणूंनी कापल्याशिवाय पार होत नाही, त्याची परीक्षा जिवाणू नसलेल्या भिंतीवर?

प्रयोगवही

हो. आणि तीही दोन तासांत, जेव्हा खऱ्या शरीरात शिखर यायला अजून कितीतरी तास असतात. वर, पेशींमधले सांधे सैल करणारा एखादा पदार्थ कॅप्सूलमध्ये मिसळला तरी त्या थरातून जास्त माल उतरतो. अगदी कमीच्या पाचपट म्हणजेही कमीच. त्यात रक्त नाही, पित्त नाही, जठराचं अस्तर तर नाहीच. शमाताई, तुमचा ‘कशाच्या?’ हा प्रश्न बरोबर जागी लागला.

डॉ_अनवट

आणि पोटाचं रक्षण झालं का, हे पाहायचं तर पोटच पाहावं लागतं. एंडोस्कोपीत ओरखडे मोजणं, अस्तराचा चिमूटभर तुकडा घेऊन त्यात रेणू किती पोचला आणि श्लेष्माचा थर कसा आहे ते पाहणं. तसं काही त्यांनी पाठवलंय?

शमा_र

नाही डॉक्टर, त्याबद्दल एक अक्षर नाही.

बाबांचा रिपोर्ट आलाय. पोटॅशिअम ३.२, म्हणजे कमी, आणि रक्तदाब नेहमीपेक्षा वर. आमच्या डॉक्टरांनी पोटॅशिअम दिलंय, बीपीची गोळी बदललीय आणि पायलोरीची तपासणी सांगितलीय. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. बाबांनी स्वतःच एक वही केलीय, सकाळ-संध्याकाळ बीपी लिहितात, शेजारी वेळ. आज सकाळची नोंद सात वाजून दोन मिनिटांची आहे. निळावंतीच्या सिस्टरांची गोष्ट त्यांनी मनावर घेतलेली दिसते.

पुढचा आकडा आला की इथेच लिहीन.